कळावे, आवड असावी

रविवारच्या पुरवण्यांत हल्ली एक चौकट ठरलेली असते. एखादं बरं दिसणारं माणूस, हनुवटीला हात, नजर खिडकीबाहेर, आणि खाली तीन ओळी: सध्या ऐकतोय, सध्या घालतोय, सध्या वाचतोय. ऐकण्यात आइसलँडचा कुठला तरी बँड, घालण्यात लिनन, वाचण्यात मुराकामी. माणसं दर आठवड्याला बदलतात. लिनन बदलत नाही. वर शीर्षक मात्र 'माझी खास आवड'. इतक्या जणांची खास आवड एकाच दुकानातून कशी येते, हे विचारायचं नसतं. मागच्या पानावर त्याच दुकानाची जाहिरात असते.

हीच चौकट सर्वणात कोणाला भरून मागितली तर? सर्वण गोव्यातल्या डिचोली तालुक्यातलं. पंचायतीच्या पाटीवर ते एकटं येत नाही, करापूरचं बोट धरून येतं: करापूर-सर्वण. जिथे गावालासुद्धा एकट्याची पाटी मिळत नाही, तिथे माणसाला एकट्याची आवड कुठली मिळायला! 'तुमची वैयक्तिक आवड काय?' असं विचारलंत तर माणूस आधी दचकेल. सर्व्हे आहे का, रेशनकार्डाचं काही आहे का, की मुलीला स्थळ घेऊन आलात, ह्या तिन्ही शंका फिटल्या की मग उत्तर येईल.

'सध्या काय ऐकता?'

'जें लायतात तें.'

लावतात ते ऐकतो. तेव्हा लावतो कोण, ते बघायला हवं.

पहिला लावणारा बसवाला. डिचोली-म्हापसा मार्गावरच्या खाजगी बसमध्ये ड्रायव्हरच्या पेन ड्राइव्हवर जे असेल ती त्या बसमधल्या सगळ्यांची सध्याची आवड. सकाळच्या पहिल्या फेरीला गणपती आणि साईबाबा, ऑफिसच्या फेरीला लोर्नाची कोंकणी गाणी, दुपारी बस रिकामी झाली की कुमार सानू. काचेवरच्या देवाला घातलेली आबोल्यांची माळ ठेक्यावर हलत असते. आवाज कमी करा म्हणायची पद्धत नाही. फार तर मागच्या सीटवरची कॉलेजची मुलं कानांत बोंडं खुपसतात. शहरातला माणूस आपली आवड दुसऱ्याला कळावी म्हणून धडपडतो. आमच्याकडे आपली आवड आपल्याला ऐकू यावी म्हणून धडपडावं लागतं.

दुसरं लावणारं देऊळ. तिसरा शेजारी, त्याच्याकडे बारसं असलं की. डिसेंबरात मोबाइलमधलं ॲप हिशेब देतं: वर्षभरात तुम्ही सगळ्यात जास्त ऐकलेलं गाणं अमुक. साफ खोटं. वर्षभरात मी सगळ्यात जास्त ऐकलेली चीज 'हॅलो, माइक टेस्टिंग, हॅलो, वन टू थ्री' ही आहे, आणि तिचा कलाकार कोण ते ॲपला माहीत नाही.

गोव्याचं सगळ्यात लांब पोचलेलं गाणं तर ध्वनिमुद्रणाला नाकं मुरडणाऱ्या बाईचं आहे. केसरबाई केरकर. (केरी नावाची गावं गोव्यात तीन. ही फोंड्याची. पेडण्याच्या आणि सत्तरीच्या केरीकरांनी उगाच छाती फुगवू नये.) बाईंना तबकड्या भरून घेण्याची हौस नव्हती, आपलं गाणं कोणी कुठेही चहा पीत ऐकावं हे पसंत नव्हतं. आणि १९७७ साली नासाच्या दोन व्हॉयेजर यानांबरोबर जगाच्या गाण्यांची सोनेरी तबकडी अवकाशात गेली, तीत भारताचं एकच गाणं: केसरबाईंची साडेतीन मिनिटांची भैरवी. त्याच वर्षी १६ सप्टेंबरला बाई गेल्या. पहिलं व्हॉयेजर आता सूर्याच्या अंमलाबाहेर पोचलं आहे. पलीकडच्या कोणी 'सध्या ऐकतोय'ची चौकट भरून पाठवलीच, तर ती डिचोलीच्या बसपेक्षा बरी निघेल. भैरवी शेवटी गातात आणि त्यांनी ती पहिल्यांदाच ऐकली, एवढीच काय ती चूक.

इतक्या लांब कशाला, साखळी तर आमच्या शेजारची. रामदास कामत साखळीचे, जन्म १९३१चा. १९६४ साली 'मत्स्यगंधा' आलं, त्यात ते पराशर, आणि संगीत मंगेशीच्या जितेंद्र अभिषेकींचं. तेव्हापासून डिचोली तालुक्यात पराशर झालेल्यांची मोजणी करायची म्हटली तर मतदारयादी मागवावी लागेल. चौकटीत लोक लिहितात, 'सध्या अभिषेकी ऐकतोय.' इथे अभिषेकी नुसते ऐकून कोणी सोडत नाही, स्वतः गातात. दिवसा वीज खात्याच्या खांबावर चढणारा रात्री तालमीत तार षड्जावर चढतो, आणि दोन्हीकडे खाली उभे असलेले लोक वर बघून 'जपून रे' म्हणतात. प्रयोगाला समोरच्या रांगेत पाच जण असे बसतात की ज्यांनी त्याच पदाला पूर्वी वन्समोअर घेतलेला असतो. त्यांच्या तोंडाकडे बघून गायचं असतं. तान चुकली की ते रागावत नाहीत, नुसते एकमेकांकडे बघतात. टीव्हीवरचे परीक्षक त्यामानाने फारच मायाळू.

आवड खरी की पुरवणीतली, हे ओळखायची माझी कसोटी एकच: तिच्यावरून कोणी कोणाशी बोलणं टाकलंय का? लिननवरून टाकल्याचं ऐकिवात नाही. घुमटावरून टाकलंय.

चवथीच्या दिवसांत एकदा ते वाद्य जवळून बघा. मातीचं भांडं, दोन्हीकडे तोंड. मोठ्या तोंडावर कातडं ताणून बसवलेलं, लहान तोंड मोकळं. उजव्या हाताने वाजवायचं आणि डाव्या पंजाने लहान तोंडाची उघडझाप करायची, की आतली हवा कोंडते-सुटते आणि आवाज घुमतो. डिचोलीचे कुंभार ही भांडी घडवतात. बाजूला शामेळ, कांसाळें, आणि दोन भिंतींच्या मधे दाटीने बसलेले वीस-पंचवीस गळे. माटोळीची फळं डोक्यावर लोंबत असतात. आरती लवकर संपवली तर यजमानाला कमीपणा, म्हणून ती संपत नाही. आतून कोणी तरी 'करंज्या निवतात' म्हणून निरोप पाठवते, तो ऐकायला जात नाही.

तर भांडण कातड्याचं. पूर्वी ते घोरपडीचं असे. १९७२चा वन्यजीव कायदा आला, घोरपडीला हात लावायची सोय राहिली नाही, बकऱ्याचं कातडं आलं. पुढे २०१९ मध्ये सरकारने घुमटाला राज्याचं वारसा वाद्य ठरवलं. वाद्याला मान, जुन्या कातड्याला मनाई. दोन्ही योग्यच, घोरपडीला विचारलंत तर अधिकच योग्य. पण वाड्यावरचा एक पक्ष म्हणतो, बकऱ्यात ती घुमच नाही. दुसरा म्हणतो, घुम आहे, तुझे कान गेले. ह्या वादाला पन्नास वर्षांचा इतिहास आहे आणि त्यात दोन भावांची जेवणं वेगळी झाली आहेत. पहिल्या पक्षातल्या कोणाच्या तरी माळ्यावर आजोबांचं जुनं घुमट लुगड्यात गुंडाळून ठेवलेलं असतं. ते आहे, हे सगळ्या वाड्याला माहीत असतं. वनखात्याचा माणूस आला तर कोणालाच माहीत नसतं.

आता जरा वर पेडण्याकडे.

पेडण्यात जत्रेच्या दिवसांत दशावतार. आधी गणपती येतो, मग काळ्या वेषातला संकासुर, त्याची नि ब्राह्मणाची बोलाचाली, आणि ते सगळं आटपलं की खरं आख्यान. पायपेटी, मृदंग, झांज, आणि एक बाकडं, जे सिंहासन, रथ, पर्वत आणि पलंग ह्या सगळ्या भूमिका करतं. लिहिलेली संहिता नसते. कथा ठरलेली, वाक्यं नाहीत. राजा आणि राक्षस समोरासमोर आले की एकमेकांना पुराणातले अवघड प्रश्न घालतात आणि प्रेक्षक गुण देतात. कंपन्या बहुतेक सीमेपलीकडच्या सिंधुदुर्गातल्या, मोचेमाडकर, वालावलकर, खानोलकर अशा नावांच्या. कुठल्या कंपनीत ह्या वर्षी राजा कोण आणि स्त्रीपार्ट कोण, ह्याची माहिती पेडण्याच्या माणसाला आमदारांच्या पक्षांतरांपेक्षा पक्की असते. आणि पक्षांतरं काही कमी नसतात, दोन्हीकडे.

ह्या आवडीची अडचण एवढीच की ती रात्री दहानंतर सुरू होते. २०००च्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा भोंगा बंद. सणासुदीसाठी राज्याला वर्षात पंधरा दिवस बारापर्यंत सूट देता येते. राक्षसाला बळ चढतं मध्यरात्रीनंतर. त्याने ते पंधरा दिवसांत बसवायचं, आणि तेही बाराच्या आत. हिरण्यकश्यपूला मिळालेला वरसुद्धा इतक्या अटींचा नव्हता.

नेमक्या ह्याच तालुक्यात, धारगळला, २०२४च्या डिसेंबरात २८ ते ३० असे तीन दिवस सनबर्न झाला. २००७ साली कांदोळीच्या किनाऱ्यावर सुरू झालेला हा नाचगाण्याचा महोत्सव मधे पुण्याला गेला, परत आला, आणि मग पेडण्यात उतरला. गावात दोन तट पडले, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, शेवटी झाला. पुढच्या वर्षी त्याने मुंबई गाठली. धारगळलाच केंद्राचं मोठं आयुर्वेद रुग्णालय आहे. छातीत धडधड उठवणारा आणि धडधडीवर काढा देणारा, दोघे एकाच गावात, इतकी सोय दुसरीकडे मिळणार नाही.

काणकोणात पाळोळ्याच्या किनाऱ्यावर लोकांनी दहाच्या नियमावर कधीच तोड काढली आहे. नाचणाऱ्या प्रत्येकाच्या कानाला हेडफोन, बाहेर चिडीचूप. माझी सूचना आहे, दशावताराला हेच करावं. प्रत्येक प्रेक्षकाला हेडफोन आणि तीन चॅनेल. एकावर राजा, एकावर राक्षस, आणि तिसऱ्यावर मागच्या रांगेतल्या म्हाताऱ्यांची शेरेबाजी. तिसरं सगळ्यात जास्त चालेल.

२०२५च्या सप्टेंबरात 'दशावतार' नावाचा सिनेमा आला, दिलीप प्रभावळकरांचा, आणि शहरांत एकदम कौतुकाची लाट आली. बरंच झालं. झोप न मोडता दशावतार आवडायची सोय झाली. पेडण्याचे लोकही बघून आले. त्यांची तक्रार एवढीच की थेटरात जत्रेतलं खाजें मिळत नाही.

कपडे. गोव्याचा पोशाख म्हणून जगाला जो ठाऊक आहे, फुलाफुलांचा शर्ट आणि गवती टोपी, तो गोव्यात फक्त पाहुणे घालतात. मोपाचा विमानतळ जानेवारी २०२३ मध्ये सुरू झाल्यापासून तो पेडण्यात थेट आकाशातून उतरतो. मोपाच्या माणसाला वाटतं मुंबईत हाच गणवेश असेल. मुंबईकराला वाटतं गोव्यात असेल. दोघे एकमेकांकडे आदराने बघतात.

इथे कपड्यांवर हुकूम सोडायची परंपरा जुनी आहे. १४ एप्रिल १७३६ला गोव्याच्या इन्क्विझिशनने फतवा काढला. ख्रिस्ती झालेल्या लोकांनी जुने रिवाज सोडावेत म्हणून त्यात काय काय मना केलं, त्याची जंत्री अ. का. प्रियोळकरांनी दिली आहे. पुरुषांनी पुडवें, म्हणजे धोतर, नेसायचं नाही, घरातसुद्धा नाही. बायकांनी चोळी घालायची नाही. दारात तुळस नको. हल्ली फॅशनच्या मासिकांत 'ह्या मोसमात हे चालणार नाही' असं पान असतं, ते किती सौम्य म्हणायचं! सर्वण सुटलं, कारण डिचोली तेव्हा सावंतवाडीकर भोसल्यांच्या अंमलात होती. पोर्तुगीज इथे पोचले १७८१ साली, पेडण्यात १७८८ साली, आणि तोवर पुडव्यावर डोळे वटारायचा जोर ओसरला होता. ज्यांच्या आजोबांचं पुडवें परकीयांना सोडवलं नाही, ते नातू आता बर्म्युडा घालून देवळात येतात आणि बाहेर पाटी लावावी लागते. पाटी मात्र समितीने लावायची. इन्क्विझिशन १८१२ला बंद झालं.

समितीवरून आठवलं. आमच्याकडे फॅशन ठरते ती भजनी मंडळाच्या सभेत. स्पर्धा तोंडावर आली की सगळ्यांना एका कापडाचे कुडते हवेत. सभा साडेसातला, कोरम नवाला. एक म्हणतो आकाशी, दुसरा म्हणतो आकाशी शेजारच्या गावाचा झालाय. तरुण मंडळी मोरपंखी सुचवतात, त्यांच्याकडे वडीलधारे बघतात. बारीक काठाचं उपरणं हवं की नको ह्यावर एक राजीनामा येतो. अकराला ठरतं: भगवा, गेल्या वर्षीचाच, ज्याचे वाढले असतील त्याने पोटाकडे उसवून घ्यावा. पॅरिसला ह्याच कामाला वर्षातून दोन हंगाम लागतात. आणि त्यांच्याकडे शेवटी चहा आणि चण्याचा रोस नसतो.

बुधवार हा तर गोव्याच्या कपड्यांचा वारच. हणजुण्याला बुधवारी फ्ली मार्केट भरतं आणि डिचोलीतही बुधवारचाच बाजार. तिकडे परदेशी पाहुणी जुना फाटका घागरा हौसेने विकत घेते. इकडे आमची मावशी नव्या गाऊनची शिवण ताणून बघते, उजेडाकडे धरते, 'धुतल्यावर रंग जातलो मगो?' विचारते, विकणाऱ्याच्या शपथेवर विश्वास ठेवत नाही, आणि निम्म्या किमतीपासून बोलणी सुरू करते. फॅशनची समीक्षा म्हणून मला दुसरी जास्त भरवशाची वाटते.

मोसमाप्रमाणे बदलणारी एकच फॅशन आमच्याकडे शुद्ध राहिली आहे, ती केसांत. जायांची फाती, आबोल्यांची फाती, मोगरी. आणि उन्हाळ्याच्या तोंडावर, काही आठवड्यांपुरता, सुरंगीचा वळेसर. पेडण्याच्या बाजूला आणि पलीकडे सावंतवाडीकडे ही झाडं. पिवळ्या गाभ्याची बारीक फुलं खोडा-फांद्यांना चिकटून येतात. माणूस पहाटे झाडावर चढतो, कारण कळी उमलली की भाव पडला. बाजारात बाई ओल्या फडक्याखाली वळेसर झाकून बसते, आणि तुम्हाला दिसायच्या आधी वास येतो. लिनन घातलेल्या कोणी ह्या वासाबद्दल आजवर चौकटीत लिहिलेलं नाही. तो फोटोत येत नाही.

कुणबी साडी मात्र फोटोत आली, आणि त्याचं श्रेय वेंडल रॉड्रिक्स ह्यांना. कोलवाळला राहणारा हा माणूस (१९६०–२०२०) जगभर कपडे दाखवून आला आणि २०१०च्या सुमारास लाल-पांढऱ्या चौकड्यांच्या जुन्या हातमागाच्या साडीकडे वळला. कुणबी बायका ती आखूड नेसत, खांद्यावर गाठ मारून, कारण शेतात वाकताना पदर सांभाळायला तिसरा हात नसतो. वेंडलनी ती नव्याने विणवून घेतली आणि रॅम्पवर नेली. कामाबद्दल शंकाच नाही, माणूस अभ्यासाचा होता, गोव्याच्या पेहरावाच्या इतिहासावर जाडजूड पुस्तक लिहून गेला. माझं म्हणणं नेसणाऱ्यांविषयी आहे. ती साडी आता उद्घाटनाला नेसतात, दीप लावताना. खांद्यावर गाठ मारून कोणी येत नाही, पिन लावतात. वाकायचं काम समईपुरतंच.

साडी नेसावी कशी, हे बघायचं तर पुन्हा दशावताराकडे जावं लागतं. नायिका पुरुष असते. निऱ्या बघा, चाल बघा, पदर खांद्यावरून घसरू न देता केलेला विलाप बघा. पुढच्या रांगेतल्या बायका दर वर्षी नावं ठेवायला येतात आणि शिकून जातात.

राहिलं वाचन. इथे चौकटवाल्यांची खरी पंचाईत होते, कारण डिचोलीचा माणूस नेमका कुठल्या भाषेत आहे ह्याचा पत्ता लागत नाही. बोलणं कोंकणीत, भांडण कोंकणीत, भजन मराठीत, लग्नपत्रिका मराठीत, मुलाची शाळा इंग्रजीत आणि मुलाला ओरडणं तिन्हीत. १९८७च्या राजभाषा कायद्याने कोंकणीला राजभाषा केलं आणि सरकारी कामात मराठीचीही सोय ठेवली. तेव्हापासून दोन्हीकडचे लढवय्ये एकमेकांवर पत्रकं काढतात. पत्रकं दोन्ही भाषांतली नीट वाचणारा वर्ग एकच आहे, तो म्हणजे आम्ही.

सकाळचं वाचन हॉटेलात. पातळभाजी, पाव, आणि चार टेबलांत फिरणारा एक पेपर, पानं सुटी केलेली. 'गोमन्तक' १९६२ साली निघाला, मुक्तीनंतर तीन महिन्यांत. 'नवप्रभा' १९७०ची. पेपर कुठला हे मालकाच्या मर्जीवर, पान कुठलं हे तुमच्या नशिबावर. मला नेहमी शेअरबाजार येतो. मृत्यूच्या बातम्यांचं पान ज्याच्या हातात असतं तो ते सोडत नाही. एकेक फोटो निरखतो, नातं लावतो, वय बघून स्वतःचं वय वजा करतो. इतकं एकाग्र वाचन मुराकामीला लाभत असेल असं वाटत नाही.

पणजीच्या मध्यवर्ती ग्रंथालयाची सुरुवात १८३२ची. आता त्याला कृष्णदास शामाचं नाव आहे, ज्याने १५२६ साली कृष्णचरित्र रचायला घेतलं. एवढा मोठा वारसा असताना आमच्या चौकटीत पुस्तकाचं नाव का येत नाही? येत नाही, कारण पुस्तकात आम्ही आहोत आणि ते आम्हाला कोणी सांगितलेलं नाही. पुंडलीक नायक ह्यांची 'अच्छेव' ही कोंकणी कादंबरी १९७७ची. खाण आली की गाव कसं पोखरतं, ते तिच्यात आहे. डिचोली तालुक्याने पुढे ती कादंबरी प्रत्यक्ष जगून काढली. २०१२ला खाणी थांबल्या, पुन्हा सुरू झाल्या, २०१८ला सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाने पुन्हा थांबल्या. त्या दिवसांत दारात उभा असलेला टिप्पर आणि बँकेचं पत्र ह्या दोनच गोष्टी लोकांनी मन लावून वाचल्या. महाबळेश्वर सैलांची 'हावठण' कुंभारांवर आहे, तिला २०१६चा सरस्वती सन्मान मिळाला. ज्याच्या हातच्या घुमटावरून दोन भाऊ वेगळे जेवतात, त्या कुंभाराच्या घरी तिची प्रत आहे का, हे एकदा बघून यायला हवं. नसेल तर त्याचा दोष नाही. सन्मान दिल्लीत होतात, आणि दिल्लीची बस डिचोलीला थांबत नाही.

बाकी सर्वणाच्या बाजूला सगळ्यात जास्त वाचलं जाणारं पुस्तक कुठलं, हे मी छातीवर हात ठेवून सांगतो. जत्रेच्या नाटकाची प्रत. ती विकत घेतलेली नसते, कोणाकडून तरी आणलेली असते, आणि ज्याच्याकडून आणली त्यानेही आणलेलीच असते. झेरॉक्सची झेरॉक्स, त्यामुळे उजवीकडची दोन अक्षरं अंदाजाने म्हणायची. समासात पेन्सिलीच्या खुणा. 'इथून गाळणे.' 'हे बापूला जमत नाही, सोपं करा.' 'पद न म्हटल्यास हरकत नाही', आणि खाली दुसऱ्या हस्ताक्षरात, 'हरकत आहे'. मागच्या कोऱ्या पानावर लाइटवाल्याचा नंबर, पडद्याच्या भाड्याचा हिशेब, मखमली अंगरखे किती आले नि किती परत गेले त्याची नोंद. एकच प्रत दहा-बारा माणसं दोन महिने रोज रात्री मोठ्याने वाचतात. ज्यांना काम मिळालेलं नाही ते खिडकीत उभे राहून ऐकतात, आणि प्रयोगाच्या रात्री कोण कुठे अडला हे त्यांना नटाच्या आधी कळतं. गाणं, कपडा, पुस्तक, तिन्ही रकाने एका दणक्यात भरतात, पण नावापुढे एकट्याचं नाव लिहिता येत नाही.

नायिका बाहेरगावची. ती तालमीला येत नाही, प्रयोगाच्या संध्याकाळी रिक्षातून उतरते. साडी, दागिने, गजरा स्वतःचा, आणि पाठांतर पक्कं, कारण हेच नाटक तिने ह्या हंगामात गावोगाव केलेलं असतं. कुठल्या गावाने कुठला प्रवेश गाळला हे तिला तोंडपाठ असतं. मेकअपला बसायच्या आधी ती प्रॉम्प्टरला बोलावते. पाठ झाली का, पदं कोण म्हणतो, नायकाचं वय काय, असलं काही विचारत नाही.

'तुमच्याकडे तिसरा अंक करतात,' ती विचारते, 'की पोलीस येतात?'